गिटार ॲम्प्लिफायरचे फुगलेले खोके बदलायचे आहे: पाइन, प्लाय की जुन्या हातमागाचे सागवान?

प्रश्न: मागघर (अशोक चौक, सोलापूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५ वॅटचा, व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर) चालणारा एक गिटार ॲम्प्लिफायर आहे. त्यात दोन ईएल८४ आणि तीन ईसीसी८३ व्हॉल्व्ह आहेत, १२ इंची आणि ८ ओहमचा एकच स्पीकर आहे, आणि सगळी यंत्रणा एकाच खोक्यात बसवलेली आहे. सोलापुरात पाऊस तसा कमी, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण गेल्या वर्षीच्या वळवाच्या पावसात आमच्या वरच्या खोलीचा पत्रा गळला आणि हा ॲम्प्लिफायर रात्रभर पाण्यात उभा राहिला. पाणी खालच्या चार बोटांच्या वर चढले नाही, त्यामुळे चासी (व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर बसवलेला धातूचा सांगाडा) आणि स्पीकर बचावले. खोके मात्र पार्टिकल बोर्डचे निघाले. रेक्झिन सोलून पाहिले तेव्हा खालची फळी १८ मिलिमीटरची २३ मिलिमीटर झालेली होती, आणि नखाने खरवडले तरी ओल्या बिस्किटासारखा तिचा भुगा पडत होता. आता खालच्या कोपऱ्यांत एकही स्क्रू धरत नाही.

मूळ खोके बाहेरून २०.५ इंच रुंद, १८.५ इंच उंच आणि १० इंच खोल आहे. चासी वरच्या फळीला चार बोल्टांनी उलटी टांगलेली असून व्हॉल्व्ह खाली लोंबतात. मागची बाजू साधारण निम्मी उघडी आहे. मला हे सर्व जसेच्या तसे ठेवून फक्त खोके नवे करायचे आहे.

माझा खरा प्रश्न लाकडाचा आहे. आजोबांचा हातमाग आमच्या घरी सुटा करून ठेवलेला आहे. त्याचे चार सागवानी खांब, प्रत्येकी साधारण ४ इंच बाय ४ इंच, गेली तीसेक वर्षे माळ्यावर पडून आहेत. आजोबांनी त्या मागावर चादरी विणल्या, आणि मी गिटार वाजवायला शिकलो तोही त्याच खोलीत, म्हणून हे लाकूड ॲम्प्लिफायरच्या खोक्यात यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण इंटरनेटवर जो तो पाइन किंवा बर्च प्लाय वापरा असे सांगतो. सागवानाने आवाज बिघडेल का? खांब चिरून फळ्या काढणे योग्य ठरेल का? स्पीकरच्या समोरच्या जाळीच्या जागी हातमागाचे कापड लावता येईल का? सुतारकाम मी स्वतः करणार आहे. हाताशी करवत, रंधा, पटाशी आणि एक जिगसॉ आहे.

उत्तर: रंधा (अक्कलकोट रस्ता, सोलापूर)

माझा व्यवसाय फर्निचरचा आहे आणि आजवर दोन स्पीकर खोकी मी स्वतः केलेली आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

पहिली गोष्ट खांबांची. तीस वर्षे छपराखाली वाळलेले सागवान वखारीत मागून मिळत नाही, त्यामुळे ते वापरण्याची आपली इच्छा मला पूर्ण रास्त वाटते. मात्र ४ इंची खांबातून ४ इंच रुंदीचीच फळी निघते आणि आपल्याला १० इंच खोली हवी आहे, म्हणजे प्रत्येक बाजूसाठी तीन फळ्या कडेला कड लावून चिकटवाव्या लागतील. सॉ मिलमध्ये नेण्याआधी खांबाच्या चारही बाजूंवरून चुंबक फिरवा. मागाच्या खांबात मोडलेले खिळे हमखास अडकलेले असतात, आणि एक खिळा पट्टा करवतीला लागला की पाते तर जातेच, माणसालाही इजा होऊ शकते. चिरलेल्या फळ्या लगेच रंधून चिकटवू नका. त्यांच्यामध्ये काटक्या ठेवून, वारा लागेल अशा सावलीच्या जागी तीन-चार आठवडे रचून ठेवा, कारण खांबाच्या गाभ्यातले लाकूड उघडे पडल्यावर थोडे वळतेच. सागवान तेलकट असते, म्हणून फेविकॉल लावण्याच्या अगदी आधी कड थिनरने पुसून घ्यावी. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवले तर तेल पुन्हा वर येते.

दुसरी गोष्ट रेषांची, आणि माझ्या मते ती लाकडाच्या जातीपेक्षा महत्त्वाची आहे. भरीव लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे आकसते आणि फुगते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते, तर जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होते. म्हणून चारही फळ्यांच्या रेषा खोक्याभोवती वेढा घालतील अशा ठेवाव्यात: वरच्या फळीत डावीकडून उजवीकडे आणि बाजूच्या फळीत वरून खाली. तसे केले म्हणजे चारही फळ्या फक्त पुढे-मागे, म्हणजे खोक्याच्या खोलीच्या दिशेने आणि सारख्याच हलतात, सांधे उकलत नाहीत. आपल्याला ताणा आणि बाणा यांतला फरक मी सांगावा असे नाही. इथे ताणा खोक्याभोवती फिरतो असे समजा.

यातूनच एक इशारा निघतो. सागवान कमी पडले म्हणून दोन बाजू सागवानाच्या आणि वरची-खालची फळी प्लायची, असे कृपया करू नका. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे प्लाय हलत नाही, सागवान हलते, आणि सांधा मध्ये अडकून दोन उन्हाळ्यांत उकलतो. चारही बाजू एकाच मालाच्या असाव्यात.

प्लाय घ्यायचा ठरल्यास दुकानात नुसते ‘चांगला प्लाय द्या’ असे म्हणू नये. आयएस ३०३ या भारतीय मानकात एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा) असे दोन दर्जे येतात. त्यातला बीडब्ल्यूआर मागावा, किंवा त्याहून वरचा आयएस ७१० चा मरीन प्लाय घ्यावा. एकदा पाण्याने पोळल्यावर एमआर घेण्यात अर्थ नाही. तुकड्याची कड नीट निरखून पाहा. थरांच्या मध्ये पोकळी दिसली तर तो तुकडा परत करा, कारण अशी पोकळी पुढे ठरावीक स्वराला खरखरते आणि तिचा शोध लावणे फार अवघड जाते. आपल्या मापाची बेरीज पाहिली तर वरची आणि खालची फळी मिळून ४१ इंच, दोन बाजू मिळून ३७ इंच, एकूण ७८ इंच होतात. म्हणजे ८ फुटी, १० इंच रुंद अशा एकाच पट्टीतून चारही तुकडे निघतात आणि सुमारे १८ इंच उरतात. त्या उरलेल्या तुकड्यावर सांध्याचा सराव करावा.

सांधा बोटांसारख्या अडकणाऱ्या खाचांचा, म्हणजे फिंगर जॉइंटचा करावा. प्रत्येक खाच फळीच्या जाडीएवढी खोल आणि एक केसभर जास्त ठेवली, तर नंतर रंधून सपाट करता येते. शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजा. दोन सुतांचा (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने एक शिकंजा तिरका लावून दाबा आणि रात्रभर तसेच राहू द्या. बॅफलचे, म्हणजे स्पीकर ज्या पुढच्या फळीवर बसतो तिचे, गोल भोक साच्याने आखून, जिगसॉने रेषेच्या आतून कापावा आणि कानसीने रेषेवर आणावा. १२ इंची स्पीकरसाठी भोक साधारण २८३ मिलिमीटर, म्हणजे आपल्या भाषेत ११ इंच १ सूत ठेवतात, पण आपल्या स्पीकरवरून माप घेतल्याशिवाय करवत लावू नका.

उत्तर: मल्टिमीटर (सात रस्ता, सोलापूर)

लाकडाबद्दल वरच्या उत्तरात फार चांगले लिहिले आहे. मी विजेच्या बाजूचे लिहितो, कारण खोके बदलताना चासी बाहेर काढावी लागणार आहे आणि व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरमध्ये प्लग काढल्यावरही जिवाला धोका राहतो.

आतल्या फिल्टर कपॅसिटरवर सुमारे ३०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाब साठलेला असतो आणि काही यंत्रांत तो बराच वेळ टिकतो. प्लग काढा, काही वेळ थांबा, आणि मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून, एक हात पाठीमागे धरून मोजा. आकडा काही व्होल्टांवर उतरल्याखेरीज आत बोट घालू नका. याची सवय नसेल तर एवढ्या एका कामासाठी व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त केलेल्या एखाद्या जुन्या मेकॅनिकला सोबत बसवा. सोलापुरात अशी माणसे अजून आहेत.

स्पीकर जोडल्याशिवाय हा ॲम्प्लिफायर क्षणभरही चालू करू नये. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला भार नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. भिजल्यानंतर स्पीकर ठीक आहे की नाही हे आधी पाहा. मीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहमच्या आसपास दिसतो आणि ते बरोबरच आहे. शिवाय स्पीकरच्या कागदी कोनावर (शंकूवर) दोन्ही हातांची बोटे समोरासमोर ठेवून हळूच, सारखे दाबा. आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झालेली आहे.

जुने खोके फेकण्याआधी वरच्या फळीची आतली बाजू पाहावी. तिथे बहुधा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा फॉइल चिकटवलेली सापडेल. चासीची उघडी बाजू त्या फळीकडे असते आणि तो पत्रा तिला झाकण घालतो. नव्या खोक्यात तो विसरला तर गुणगुण वाढते आणि माणूस उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतो. पत्रा चासीच्या काठाला धातूने धातू टेकेल असा बसवा, मध्ये वॉर्निश येऊ देऊ नका. ईएल८४ फार तापतात, तेव्हा त्यांच्या मागे फळी येत असेल तर त्या उंचीवर जागा मोकळी सोडावी. आणि २३० व्होल्टच्या प्लगची अर्थिंगची तिसरी पिन कोणत्याही कारणासाठी तोडू नये.

उत्तर: सहावी तार (जुळे सोलापूर)

मी पंधरा वर्षांपासून ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो आणि ॲम्प्लिफायर स्वतः उचलून नेतो, म्हणून वजनाचा मुद्दा मांडतो. आपल्या मापाचा चार बाजूंचा डबा १८ मिलिमीटर जाडीत केला तर वाळलेल्या पाइनमध्ये तो सुमारे ४.५ किलो, सागवानात सुमारे ५.७ किलो आणि एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीत) सुमारे ६.५ किलो भरेल. सागवान आणि चांगला प्लाय यांच्यात मोठा फरक पडत नाही. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर यांचे वजन त्यावर येणारच आहे, तेव्हा एक-सव्वा किलोसाठी आजोबांचे लाकूड सोडून द्यावे असे मी म्हणणार नाही.

पाइन आणि बर्चचा आग्रह कुठून आला तेही पाहू. कॅलिफोर्नियातील फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात पाइनच्या फळ्यांची, फिंगर जॉइंटची खोकी आणि त्यात पातळ प्लायचा बॅफल वापरला. ते लाकूड तिथे सहज मिळत होते आणि हलके होते. मार्शलची इंग्लंडमधली खोकी बर्च प्लायसाठी ओळखली जातात. दोन्ही आवाज लोकांच्या कानात बसले आणि लाकडाचे नाव त्यांना चिकटले. माझ्या कानाला उघड्या पाठीच्या, एक स्पीकर असलेल्या छोट्या खोक्यात बाजूच्या फळीच्या जातीपेक्षा बॅफलची जाडी, तो किती घट्ट बसवला आहे आणि पाठ किती उघडी आहे यांचा फरक अधिक ऐकू येतो.

पाठीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नवे खोके करणारा माणूस इथेच मोहात पडतो. स्पीकरचा कोन पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते, म्हणजे पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांच्या उलट असतो. सहाव्या तारेचा मोकळा ई स्वर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो आणि त्याची लहर हवेत ४ मीटरहून लांब असते. अर्ध्या मीटरच्या खोक्याला ती सहज वळसा घालते आणि पुढच्या आवाजाला काही अंशी पुसून टाकते. म्हणून उघड्या पाठीचा ॲम्प्लिफायर खर्जात हलका आणि खोलीभर पसरणारा वाटतो. पाठ पूर्ण बंद केली तर खर्ज वाढेल, आवाज समोर एकवटेल आणि व्हॉल्व्हची उष्णता आत कोंडेल. आपल्याला जुनाच आवाज हवा असेल तर मागच्या मोकळ्या जागेचे माप जुन्या खोक्यावरून घेऊन तेवढेच ठेवावे.

कापडाबद्दल: चादरीचे जॅकार्ड कापड लावू नका, ते दाट असते आणि वरच्या पट्टीचा आवाज दाबते. कापड ओठांजवळ धरून फुंकावे; पलीकडे धरलेल्या तळहाताला फुंकर जवळजवळ तशीच लागली तर ते चालेल. मोकळ्या विणीचा जाडसर सुती पंचा या परीक्षेत उतरतो. तो किंचित ओलसर असताना चौकटीवर ताणून मारला तर वाळताना स्वतःच घट्ट होतो.

मागघर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चुंबक फिरवल्यावर एका खांबात तीन खिळे सापडले, तेही लाकडाच्या पृष्ठभागाच्या पुष्कळ आत. दोन खांब मिलमध्ये चिरून घेतले. फळ्या सुंदर निघाल्या, मधाच्या रंगाच्या, आणि वास संपूर्ण खोलीत भरून राहिला. पण तिसऱ्या खांबाला मधोमध आरपार चीर निघाली आणि खिळ्यांचा चौथा खांब मिलवाल्यांनी घ्यायलाच नकार दिला. आता दोन बाजूंपुरत्याच फळ्या आहेत. सागवान आणि प्लाय एकत्र करू नका असे आपण सांगितलेच आहे. मग या फळ्यांचे काय करावे?

रंधा

डबा पूर्ण बीडब्ल्यूआर प्लायचा करा आणि सागवान तिथे लावा जिथे ते प्लायपेक्षा खरोखर सरस आहे. प्लायच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही, थर उकलतात. सागवानात तो वर्षानुवर्षे धरतो. म्हणून बॅफल ज्या आतल्या पट्ट्यांवर बसतो त्या चारही पट्ट्या, मागच्या फळीच्या पट्ट्या आणि कापडाची पुढची चौकट सागवानाची करा. पट्ट्या एक इंच बाय एक इंचाच्या पुरतात, आणि इतक्या अरुंद पट्टीचे रुंदीतले हलणे नगण्य असल्यामुळे प्लायला चिकटवल्या तरी चालतात. चासीचे बोल्ट मात्र वरच्या फळीतून आरपार घ्या आणि रुंद वॉशर घाला. टांगलेल्या ट्रान्सफॉर्मरचे वजन लाकडी स्क्रूवर कधीही सोडू नये. चासी बसवण्यापूर्वी पुठ्ठ्याचा तेवढ्याच मापाचा ठोकळा करून आत धरून पाहा, म्हणजे व्हॉल्व्ह स्पीकरच्या चौकटीला लागतात की नाही ते कळेल.

मागघर (प्रश्नकर्ता)

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो.

पुठ्ठ्याच्या ठोकळ्याने मला वाचवले. स्पीकर मी आधी बरोबर मधोमध आखला होता आणि एक ईएल८४ स्पीकरच्या चौकटीपासून जेमतेम अर्ध्या बोटावर येत होता. भोक २० मिलिमीटर खाली सरकवले, तेव्हा दोन बोटांची जागा मिळाली. पहिला फिंगर जॉइंट उरलेल्या तुकड्यावर केला तो इतका सैल झाला की हाताने निघून आला, दुसरा बसला. शिकंजे आवळल्यावर कर्णांत तीन सुतांचा फरक होता, तो तिरक्या शिकंज्याने अर्ध्या सुतावर आला. डब्याला काळे रेक्झिन सोल्युशनने चिकटवले आणि पुढची सागवानी चौकट उघडी ठेवून तिला फक्त लाखेचे पॉलिश दिले. एका उभ्या पट्टीवर मागाच्या दोरीने वर्षानुवर्षे घासून पडलेली एक गुळगुळीत खाच होती. ती रंध्याने काढता आली असती. मी ती तशीच ठेवली आहे.

पहिल्यांदा चालू केले तेव्हा वरचा पत्रा विसरलेला नव्हता, तरीही पाचव्या तारेच्या मोकळ्या ए स्वराला समोरून बारीक खरखर येत होती. स्पीकर गेला असे वाटून पोटात गोळा आला. एकेका फळीवर तळहात दाबून धरत घरच्यांना तोच स्वर वाजवायला सांगितला, आणि कापडाच्या चौकटीची खालची पट्टी दाबताच खरखर थांबली. तिथे मी एक स्क्रू कमी मारला होता. तो मारला, आणि स्वर स्वच्छ झाला. खर्ज जुन्या खोक्यापेक्षा किंचित भरीव लागतो. मागची मोकळी जागा मी मोजून पूर्वीएवढीच ठेवली आहे, तेव्हा हा फरक बहुधा घट्ट बसलेल्या बॅफलचा असावा.

पंच्याचे कापड फुंकरीच्या परीक्षेत उतरले. आईने ते ओले करून ताणून धरले आणि मी पिना मारल्या.

आज दोन्ही कर्ण २७ इंच ५ सूत आहेत. मे महिन्याच्या शेवटी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये ते मोजून आकडे इथेच नोंदवीन.